एका फॉरवर्डमागे लागून सापडलेली दोन ग्रहणं

तुमचा प्रश्न आहे, "इंटरनेटवर भटकताना सापडलेली सगळ्यात रंजक गोष्ट कोणती? विज्ञान, संस्कृती, राजकारण, काहीही चालेल." माझं उत्तर थोडंथोडं तिन्हीत बसतं.

आमचं गाव देवगड तालुक्यात, विजयदुर्गापासून फार लांब नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर ऑगस्टला एक मेसेज न चुकता येतो. हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला, १८ ऑगस्ट १८६८ला नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथूनच खग्रास सूर्यग्रहण पाहिलं, वगैरे. शेवटी तिरंगा, जोडलेले हात आणि 'अभिमान वाटला तर पुढे पाठवा'. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून चौथरे आहेत, साहेबाने दुर्बीण ठेवायला बांधलेले. लहानपणी त्यांच्यावर बसून मी शेंगदाणे खाल्लेत. गेली काही वर्षं १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. कट्टे आहेत, तारीख आहे, साहेबाचं नाव आहे, मग शंका कशाला घ्यायची?

मला शंका आली ती पावसामुळे. एका वर्षी तो मेसेज आला तेव्हा मी गावीच होतो आणि चार दिवस सूर्य कसला तो दिसला नव्हता. मनात आलं, सूर्य बघायला विलायतेहून येणारा माणूस ऐन ऑगस्टात कोकणात दुर्बीण मांडेल? कोकणातल्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तरी तिने त्याला परत पाठवला असता.

लाइट गेलेली, मोबाइलला रेंज जेमतेम. तरी शोधायला बसलो.

पहिलाच धक्का असा की १८६८च्या ऑगस्टमध्ये लॉकियर भारतात नव्हताच. तो लंडनमध्ये युद्धखात्यात कारकून होता आणि खगोलशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा नाद. त्याने मागवलेला वर्णपटदर्शक (प्रकाश फोडून त्याचे रंग पसरवून दाखवणारं यंत्र) हाती पडला ऑक्टोबरमध्ये, आणि २० ऑक्टोबरला त्याने ग्रहण नसताना, भर उजेडात, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहून दाखवला. तोवर या ज्वाळा फक्त खग्रास ग्रहणातच बघता येतात अशी समजूत होती.

मग १८ ऑगस्टला भारतात कोण होतं? बरेच जण होते. फ्रान्सचा ज्यूल जान्सेन आंध्रात गुंटूरला होता. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला. आणि युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, जमखिंडीला! पटवर्धनांची जमखिंडी. म्हणजे विजयदुर्गाच्या साधारण सरळ रेषेत, फक्त घाट चढून पलीकडे. पाऊस कुठे कमी पडतो हे त्या मंडळींना बरोबर ठाऊक होतं.

हेलियमची भानगड थोडक्यात अशी. सूर्याचा प्रकाश फोडून पसरवला की प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक रेषा दिसतात, जणू त्याच्या बोटांचे ठसेच. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ओळखीच्या होत्या. ग्रहणात अनेकांना पिवळी रेषा दिसली आणि बहुतेकांनी ती सोडियमची म्हणून सोडून दिली. ती सोडियमच्या जागेवर नेमकी बसत नाही, ही शंका पॉगसनच्या नोंदीत आहे. ही तिसरीच रेषा आहे आणि आपल्या माहितीतल्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही, हे चिकाटीने धरून बसला तो लॉकियर. सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' म्हटलं गेलं. शेवटचं 'इयम' धातूंना लावतात, कारण तो धातू असावा असं वाटलं होतं. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडलं. तो विल्यम रॅम्झेने एका युरेनियमच्या खनिजातून काढला. म्हणजे २७ वर्षं हे मूलद्रव्य फक्त सूर्यावर होतं!

जान्सेनलाही ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी गुंटूरला तीच युक्ती साधली होती, ग्रहणाशिवाय ज्वाळा बघण्याची. त्याचं पत्र भारतातून आणि लॉकियरचं लंडनहून, दोन्ही पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. भांडण होण्याऐवजी फ्रान्सने एकाच पदकावर दोघांचे चेहरे कोरले. आपल्याकडे अशा वेळी दोन तट पडले असते. असो.

पण मग साहेबाचे कट्टे? ते तर मी स्वतः पाहिलेत.

इथे मी दोन रात्री अडकलो, आणि अडकलो स्पेलिंगपायी. 'विजयदुर्ग' आजच्या इंग्रजी अक्षरांत टाकलं की तेच तेच ब्लॉग येतात, एकमेकांवरून उतरवलेले. शेवटी साहेब लोक उच्चाराची कशी वाट लावायचे ते आठवून 'विझियाद्रुग' असं टाकलं आणि घबाड उघडलं. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या जुन्या अंकांत सर नॉर्मन लॉकियरचा विस्तृत अहवाल: २२ जानेवारी १८९८चं खग्रास ग्रहण, स्थळ विझियाद्रुग.

जानेवारी! कोरडं, निरभ्र आकाश. लॉकियर तेव्हा ६१ वर्षांचा, 'सर' झालेला, 'नेचर' साप्ताहिकाचा संस्थापक-संपादक. सोबत 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरचे नौसैनिक. त्यांना तो नुसता हमाल म्हणून वापरत नव्हता, वेगवेगळी निरीक्षणं वाटून देऊन, तालीम करून घेऊन उभं करत होता. अहवालावर त्याच्या नावाबरोबर नौदलाच्या कॅप्टनचंही नाव आहे. एवढी सगळी मांडामांड जेमतेम दोन मिनिटांच्या काळोखासाठी. आता सांगा, कट्टे कुठल्या ग्रहणाचे असतील?

तर झालं असं असावं: माणूस एक, ग्रहणं दोन, मध्ये ३० वर्षं. लोकांच्या आठवणीत ती ३० वर्षं गळून पडली. मुद्दाम कोणी खोटं रचलं असं मला वाटत नाही.

खरी मजा मात्र यापुढे आहे. फॉरवर्डपेक्षा खरी हकीकत कितीतरी मोठी निघाली. १८९८ची सावली कोकणात किनाऱ्याला लागून थेट महाराष्ट्र तिरका कापत विदर्भातून वर गेली, आणि तिच्या वाटेवर जगभरच्या लोकांनी तंबू ठोकले होते. करमाळा तालुक्यातलं जेऊर माहितीये? पुण्याहून सोलापूरला जाताना गाडी तिथून जाते. त्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आला होता. आणि तिथेच होते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांनी भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून पुण्यात वेधशाळा उभारली होती. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सगळ्यात मोठी. नायगमवालांनी जेऊरच्या ग्रहणावर स्वतंत्र अहवाल लिहिला, तो मुंबईत छापला गेला. मी पुण्यात २२ वर्षं राहतोय आणि हे नाव कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. १९१२मध्ये वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली.

विदर्भात धामणगावजवळच्या तळणीला ब्रिटिश हौशी खगोलप्रेमींचा तळ होता. त्यांच्यात अ‍ॅनी माँडर. ग्रिनिचच्या वेधशाळेत गणिताचं काम करणारी बाई, पण लग्न झालं म्हणून १८९५मध्ये नोकरी सोडावी लागली, कारण विवाहित स्त्रीला सरकारी नोकरी नाही असा नियम. तिने स्वतः योजलेल्या छोट्या कॅमेऱ्याने तळणीहून सूर्याच्या प्रभामंडळाचा (खग्रासात काळ्या चकतीभोवती दिसणाऱ्या उजेडाचा) एवढा लांब किरण टिपला की तोवर कोणाच्या फोटोत तसा आला नव्हता. विदर्भातल्या एका छोट्या गावात, नोकरी गेलेल्या बाईने!

त्याच मंडळींची दुसरी तुकडी बिहारात बक्सरला होती. तिच्यात नेव्हिल मॅस्कलिन, धंद्याने जादूगार. त्याने ग्रहणाचं चक्क चलच्चित्र काढलं, आणि परतीच्या प्रवासात फिल्मचा डबा चोरीला गेला. जादूगाराची वस्तू गायब होणं, यावर काय बोलावं? १९००मध्ये त्याने अमेरिकेत पुन्हा ग्रहण चित्रित केलं. ती फिल्म टिकली, २०१९मध्ये दुरुस्त करून ऑनलाइन ठेवली गेली. मिनिटभराची आहे, जरूर बघा.

राजकारण राहिलं. मी सवयीने (हिशोबनीस आहे) सगळ्या तारखा एक्सेलमध्ये मांडल्या. त्यात २२ जानेवारी १८९८च्या बरोब्बर सात महिने आधी, २२ जून १८९७ला, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेलेली. प्लेगची धास्ती होतीच. एप्रिल १८९८मध्ये दामोदर चापेकर फासावर गेले. आणि ग्रहणाच्या दिवशी टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगत तुरुंगात. आकाशातल्या नक्षत्रांवरून वेदांचा काळ मोजणारं 'ओरायन' १८९३मध्ये छापणारा माणूस, आणि घराच्या एवढ्या जवळून ग्रहणाची सावली जाताना तो गजाआड. लॉकियरच्या अहवालात यातलं काही शोधू नका, तिथे फक्त सूर्य आहे. पण एकाच पानावर या तारखा बघून मी बराच वेळ पुढची ओळ भरली नाही.

हे सगळं मी मालवणीत टाइप करून घरच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. मग काकांचा फोन आला.

"मगे आता १८ ऑगस्टाचा काय करूचा?"

म्हटलं, राहू दे की काका, ती तारीख खोटी नाही, फक्त जागा आपली नाही. आपल्याला २२ जानेवारी आहे, ती शंभर टक्के आपलीच. तेव्हा करा साजरी.

"खुळो की काय तू? जानेवारीत आंब्याक मोहर इलेलो असता, फवारणेत जीव जाता. तेव्हा सूर्याकडे बघूक येळ कोणाक आसा?"