वाचकांचे प्रश्न: सिकलसेल, वाहक आणि पुढचं बाळ

प्रश्न : मी आणि माझी पत्नी दोघेही सिकलसेलचे वाहक आहोत. पहिली मुलगी रुग्ण निघाली. 'चारांत एक' असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग पुढची तीन मुलं निरोगी होतील ना?
— एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : नाही, आणि या गैरसमजापायी अनेक घरं बेसावध राहतात. 'चारांत एक' ही मुलांची मोजणी नव्हे. प्रत्येक गरोदरपणात तो हिशेब नव्याने मांडला जातो.

सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा (प्राणवायू वाहणाऱ्या घटकाचा) आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनच्या एका साखळीचं जनुक ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. या गुणसूत्राची जोडी असते, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. तुम्हा दोघांच्याही जोडीत एक जनुक चांगलं, एक सिकलचं. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना जोडी फुटते आणि त्यात एकच जनुक जातं. कोणतं जाईल ते आधीच्या बाळाला काय मिळालं यावर ठरत नाही. बाळाला दोन्ही जनुकं सिकलची मिळाली तर ते रुग्ण, एकच मिळालं तर वाहक. म्हणून दर खेपेला रुग्ण २५ टक्के, वाहक ५० टक्के, पूर्ण निरोगी २५ टक्के. मुलगा असो की मुलगी, फरक पडत नाही.

पुढच्या खेपेस दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना गाठा. १० ते १२ आठवड्यांत वारेचा कण घेऊन गर्भाचं जनुक तपासता येतं. त्यासाठी तुम्हा दोघांचं रक्तही द्यावं लागतं, ते आधीच देऊन ठेवलं तर धावपळ वाचते. तपासणी झाली नाही, तर बाळाचं रक्त जन्मल्यावर एचपीएलसी यंत्रावर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या) तपासा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी चाचणी (द्रावणात रक्त टाकून सिकल आहे का पाहण्याची) भरवशाची नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. बाळ रुग्ण निघालं, तर पेनिसिलिन दोन-तीन महिन्यांपासून सुरू करून निदान पाच वर्षांपर्यंत देतात. डोस चुकवू नका. या वयात जंतुसंसर्ग फार लवकर बळावतो.

प्रश्न : मी वाहक आहे. लग्न ठरलेल्या मुलाची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह आली. आता निर्धास्त व्हायचं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अजून नाही. या चाचणीत दोन मिलिलिटर द्रावणात रक्ताचा लहानसा थेंब टाकतात आणि पाच मिनिटांनी नळीमागच्या कागदावरच्या रेघा पाहतात. रेघा दिसल्या नाहीत, द्रावण गढूळ झालं, की सिकल आहे. पण वाहक आणि रुग्ण दोघांचंही द्रावण गढूळच होतं, त्यामुळे पॉझिटिव्हवरून कोण काय ते कळत नाही. निगेटिव्हही फसवू शकतं : रक्त फार कमी असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर.

मोठी अडचण मात्र वेगळीच. ही चाचणी थॅलेसेमियाचं (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचं) जनुक ओळखतच नाही. तुमच्याकडून सिकल आणि त्याच्याकडून बीटा-थॅलेसेमियाचं (त्याच साखळीच्या दोषाचं) जनुक आलं, तर बाळाला सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो.

म्हणून लग्न ठरलेल्या त्या मुलाची एचपीएलसी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. अहवालात हिमोग्लोबिन ए-२ चा (हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचा) आकडा पाहा. ३.५ टक्क्यांच्या वर असेल आणि पेशींचा आकार (एमसीव्ही) लहान असेल, तर तो बहुधा थॅलेसेमियाचा वाहक. आकडा काठावर असेल तर लोहाची कमतरता आहे का ते विचारा, कारण तिच्यामुळे ए-२ खाली उतरतं. तेव्हा लोह भरून काढून चाचणी पुन्हा करावी.