घरचं टेन्शन मित्राला सांगावं का?

प्रश्न: ताई, मी यवतमाळकडच्या आर्णी तालुक्यातल्या खेड्यातला, आता पुण्यात जॉबला. रूममेट दादरचा, त्याने ब्रेकअपपासून बापाशी झालेल्या भांडणापर्यंत सगळं दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकलं. मी काही सांगत नाई. यंदा घरचं सोयाबीन पिवळं पडलं, कर्ज थकलं, बाबा 'सगळं बरं हाय' म्हनते अन फोन ठेवते. रूममेटला हे दुसऱ्याकडून कळलं तर म्हणे, तू मला मित्र मानतच नाही. लय लागलं. माझं चुकलं का?

उत्तर: नाई रे बावा, चुकला नाई तू. आपल्याकडे दुःख सरळ कोणी काढतच नाई. पानठेल्यावर माणूस पन्नीत खर्रा, म्हंजे तंबाखू-सुपारी, घोटत असते, गरम होईस्तोर घासते, नजर खालीच, अन तेव्हा हळूच म्हनते, 'यंदा पऱ्हाटीचं (कापसाचं) काई खरं नाई गड्या.' बस. समोरच्याला त्यात कर्ज, पोरीचं लग्न सगळं ऐकू येते, काऊन की त्याचं वावर तुमच्या धुऱ्याला, म्हंजे बांधाला, लागून आहे. आमचा बैल मेला तेव्हा बाबा कोणाला बोलले नाई, तरी दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारचे काका बैलजोडी अन डवरा (कोळपं) घेऊन आमच्या वावरात हजर, चहा पिऊन गेले, बैलाचं नावही काढलं नाई.

दादरच्या पोट्ट्याजवळ ना धुरा ना पानठेला, तू बोलला नाई तर त्याला कळणार कसं? अन गावात आपण गप्प राहतो ते भीतीनंही, बोललेलं संध्याकाळी पारावर जाते अन तिथून बहिणीच्या सोयरिकीत. रूममेटचं तसं काई नाई, तुझ्या गावात त्याला ओळखते कोण! सगळं ओकू नको, जेवताना एवढंच टाक, 'सोयाबीन गेलं, बाबा बोलत नाई.' अन पहिलेच सांगून ठेव, सल्ला नको, पैसे नको, नुस्तं ऐक.

मला जास्त खटकलं ते बाबांचं. त्यांची झोप-जेवण सुटलं असेल तर सुट्टी टाकून गावी जा, वावरात सोबत चक्कर मार, तोंडाकडे न पाहता विचार, कर्ज किती उरलं. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, २४ तास चालू, मराठीतही बोलता येते. बाबा काई लावणार नाई, पहिले तूच लाव अन त्यांच्याशी कसं बोलू ते विचार.

पोळ्याला रूममेटलाही गावी ने. खर्रा मात्र शिकवू नको त्याला.