सहलीचे 75 हजार राहू द्या, आधी मार्चचा हप्ता बघा

एका ताईंचं पत्र आलंय. वय 64, पुण्यात एकट्या राहतात, मिस्टरांची फॅमिली पेन्शन महिना 18 हजार. मुलगी गुरुग्रामला, तिचा मुलगा 6 वर्षांचा. त्यांची मैत्रीण 62 ची, तिचा मुलगा इंदूरला आणि त्याला जुळ्या मुली. दोघींनी ठरवलंय की जानेवारीत मैत्रिणीची कार काढायची, आधी इंदूर मग गुरुग्राम, दोन्हीकडे नातवंडांत मनसोक्त राहायचं आणि तीनेक आठवड्यांनी परत यायचं. ताईंच्या वाट्याला 75 हजार येतायत. त्या विचारतात, सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये 15 लाख आहेत त्यातून हे काढू का, का बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर 14 टक्क्यांनी पर्सनल लोन देतोय ते घेऊ. आणि मग सहज जाता जाता लिहितात, "बचत खात्यात 2 लाख आहेत पण त्याला हात लावता येत नाही, नातवाच्या पॉलिसीचा 3 लाखांचा हप्ता मार्चमध्ये भरायचाय."

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं आहे. सीनियर सिटिझन स्कीममधून थोडेसे पैसे काढताच येत नाहीत, खातं अख्खं बंद करावं लागतं, आणि दोन वर्षं झाल्यावर पण पाच वर्षांच्या आत बंद केलं तर 1 टक्का कापतात, म्हणजे 75 हजारांसाठी 15 हजारांचा दंड. 14 टक्क्यांच्या लोनबद्दल तर बोलूच नका. बचत खात्यातले 2 लाख आहेत ना, त्यातले 75 हजार घ्या आणि जा.

राहिला मार्चचा हप्ता. तो भरू नका.

आता जरा नीट बसून वाचा. तुम्ही लिहिलंय की बँकेतल्या मुलाने सांगितलं, "एफडीपेक्षा भारी आहे, 10 वर्षं 3-3 लाख भरा, 15 व्या वर्षी 45 लाख गॅरंटीड, वर इन्शुरन्स फुकट आणि टॅक्सही वाचतो." 30 चे 45, म्हणजे दीडपट, ऐकायला काय वाईट आहे? पण हे दीडपट व्हायला तुमचा एकेक रुपया सरासरी साडेदहा वर्षं अडकून पडतो. हिशोब केला तर वर्षाला 4 टक्केही सुटत नाहीत. हेच 3-3 लाख साध्या साडेसहा टक्क्यांच्या एफडीत टाकत गेलात तर त्याच तारखेला 59 लाखांच्या आसपास होतात. फुकटच्या इन्शुरन्सची किंमत ही अशी 14 लाख आहे, आणि ज्या बाईच्या पगारावर आज कोणी अवलंबून नाही तिला तो इन्शुरन्स मुळात कशाला हवा होता हे मला कोणी समजावून सांगा.

टॅक्सचं तर हसूच येतं. तुमची पेन्शन वर्षाची सव्वादोन लाखाच्या आत, स्कीमचं व्याज 8.2 टक्क्यांनी 1 लाख 23 हजार, 12 लाखांच्या एफडीचं 80 हजार. सव्वाचार लाखाच्या आतबाहेर झालं सगळं. त्यावर तुम्हाला नव्या पद्धतीत टॅक्स नाही, जुन्या पद्धतीतही नाही. जो टॅक्स लागतच नाही तो वाचवायला तुम्हाला वर्षाला 3 लाख भरायला लावलेत.

पण मला खरी काळजी परताव्याची नाहीये, हप्ता येणार कुठून याची आहे. महिन्याला तुमच्या हातात 35 हजार येतात, खर्च 30. शिल्लक वर्षाला 60 हजार, आणि हप्ता 3 लाख! दोन हप्ते भरून झालेत, अजून 8 बाकी, म्हणजे 24 लाख. तुमच्याकडे पॉलिसी सोडून एकूण आहेत 29 (स्कीमचे 15, एफडीचे 12, बचत खात्यातले 2). पहिले पाचेक हप्ते बचत खातं आणि एफडी खाऊन टाकतील, तोवर तुम्ही 69 च्या, एफडीचं व्याज बंद, हातात येणार महिना 28 हजार आणि आजचा 30 हजारांचा खर्च 6 टक्के महागाईने 40 वर गेलेला. मग उरलेल्या तीन हप्त्यांसाठी सीनियर सिटिझन स्कीम मोडायची. 72 व्या वर्षी तुमच्याकडे फार तर 5-6 लाख रुपये आणि एक बाँडपेपर असेल, आणि त्या कागदाचे पैसे मिळायला 77 वर्षांचं व्हावं लागेल. त्या मधल्या पाच वर्षांत एखादं मोठं आजारपण निघालं तर कोणाकडे बघणार? तुम्ही लिहिता "मुलगी म्हणते लागलं तर आम्ही आहोत." असेलही, चांगलं आहे, पण तिचं गुरुग्रामचं होम लोन चालू आहे असं तुम्हीच खालच्या ओळीत लिहिलंय.

मग भरलेल्या 6 लाखांचं काय? इथे बहुतेक लोक म्हणतात आता एवढे भरलेत तर पूर्ण करू. नको. पुढचे 24 लाख भरून तुम्हाला जादाचे किती मिळणार ते बघा. आत्ता थांबलात तर पॉलिसी पेड-अप होते, म्हणजे हप्ते बंद, विम्याची रक्कम कमी होते आणि मुदत संपल्यावर साधारण भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात पैसे, 45 चा पाचवा हिस्सा, 9 लाख धरू. म्हणजे 24 लाख अजून घालून वरचे 36 मिळणार, हेही पुन्हा सव्वाचार-साडेचार टक्केच. तो सौदा आज नव्याने कोणी दिला असता तर घेतला असतात का?

सरेंडर करायची, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे घ्यायची घाईही नको. दोन हप्ते भरल्यावर हमीची सरेंडर व्हॅल्यू साधारण 30 टक्के असते, म्हणजे 6 लाखांचे 1 लाख 80 हजार, स्पेशल सरेंडर व्हॅल्यू त्याहून जास्त असू शकते. विमा कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी घ्या, आज सरेंडर केलं तर किती आणि पेड-अप ठेवलं तर 13 वर्षांनी किती. 13 वर्षांनंतरचे 9 लाख साडेसहा टक्क्यांनी आजचे 4 लाख होतात. तेव्हा सरेंडरचे 4 च्या खाली मिळत असतील तर पेड-अप ठेवा आणि विसरून जा, वर मिळत असतील तर घेऊन मोकळ्या व्हा. तोंडी आकडा सांगितला तर अजिबात धरायचा नाही, मागच्या वेळी तोंडीच सांगितलं होतं.

आणि तक्रार करा, लाजू नका. पॉलिसीच्या फाईलमध्ये प्रपोजल फॉर्मची कॉपी असते, ती काढा आणि वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. अशा केसेसमध्ये तिथे बिनधास्त 10-12 लाख लिहिलेलं सापडतं, व्यवसाय म्हणून 'बिझनेस' लिहिलेलं सापडतं आणि खाली सही तुमची, कारण त्या मुलाने फुल्या मारून दिल्या आणि तुम्ही सह्या केल्या. व्हेरिफिकेशनचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा काकू" असंही सांगितलं असणार. उत्पन्न खोटं लिहिलेलं असेल तर तोच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, मग इर्डाच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) बीमा भरोसा पोर्टलवर टाका, तरी दाद लागली नाही तर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. सगळे पैसे परत मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण अर्ज टाकायला काही जात नाही.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ, जी वाचून मी खरं तर कपाळाला हात लावला: "मैत्रिणीनेही त्याच मुलाकडून हीच पॉलिसी घेतली, गेल्याच आठवड्यात तिच्या हातात आली." ताई, हे वाचून झालं की पहिला फोन तिला करा. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस फ्री-लूक असतो, तेवढ्यात नको म्हणून लिहून दिलं की स्टँप ड्युटी, मेडिकलचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा चार्ज कापून बाकी पैसे परत. तुम्ही दोघी तीन आठवडे बाहेर राहणार आणि तिचे 30 दिवस इंदूर-गुरुग्रामच्या रस्त्यावर संपणार. निघायच्या आधी अर्ज द्यायचा, कंपनीला द्यायचा, त्या मुलाला नाही (तो "मी बघतो काकू" म्हणेल आणि महिना काढेल), पोच घ्यायची, ईमेलही टाकायचा.

प्रवासाचं थोडं. सगळं मिळून साडेतीन हजार किलोमीटर धरले तर पेट्रोल 25 हजारांच्या आसपास. फास्टॅगचा वार्षिक पास तीनेक हजारांत येतो, 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, तो मैत्रिणीच्या गाडीवर काढा, फक्त तो नॅशनल हायवे आणि नॅशनल एक्सप्रेसवेच्या टोलवरच चालतो, राज्याच्या रस्त्यांवर नेहमीसारखे पैसे कटतात. तुम्हीही आलटून पालटून गाडी चालवणार म्हणताय तर लायसन्सची तारीख बघा, पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांनीच रिन्यू होतं, आणि मुदत संपलेल्या लायसन्सवर ठोकली तर इन्शुरन्सवाले क्लेम नाकारायला बसलेलेच असतात. जानेवारीत जयपूरच्या पुढे सकाळी दाट धुकं असतं, ऊन पडल्याशिवाय हॉटेल सोडू नका.

आणि तुमच्या 75 हजारांच्या यादीत पेट्रोल, हॉटेल, खाणं, खाऊ-खेळणी सगळं आहे, पण गाडीचं सर्व्हिसिंग आणि मैत्रीण टाकणार असलेले दोन नवीन टायर नाहीत. गाडी तिची असली तरी साडेतीन हजार किलोमीटर दोघींसाठी पळणार आहे, अर्धे तुम्ही द्या.