शोषण, अवशोषण, अधिशोषण: केळीच्या पुडीपासून खुष्कीच्या मार्गापर्यंत

प्रश्न रावेरहून आला आहे. केळीच्या खोक्यात इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू, 'शोषून घेणारी' जांभळ्या दाण्यांची पुडी ठेवतात. तिच्या कामाला मराठीत अवशोषण म्हणायचं की अधिशोषण? आणि पृष्ठभागावर रेणू चिकटलेत हे शास्त्रज्ञांना कळतं कसं?

आधी एक गोष्ट ठणकावून सांगतो. हे दोन शब्द अदलून बदलून वापरणं आता पुरे झालं. परवा कृषी मेळाव्याच्या पत्रकात कोळशाचं 'अवशोषण' होतं आणि त्याच पानावर मुळांचं 'अधिशोषण'. दोन्ही उलटे. भिंतीवर लावलेला चुना आणि भिंतीत मुरलेली ओल यांत जो फरक, तोच या दोन शब्दांत आहे. रेणू वरच्या थरावर राहिला तर अधिशोषण, पदार्थाच्या आत पसरला तर अवशोषण. पुडीत आधी अधिशोषणच होतं. दाणे सच्छिद्र असतात, इथिलीन त्यांच्या छिद्रांच्या भिंतींना चिकटतं आणि तिथे पोटॅशियम परमँगनेट त्याचं ऑक्सिडीकरण करतं. म्हणून जांभळे दाणे हळूहळू तपकिरी होतात. पुरते तपकिरी झाले की पुडी बदलायची.

आता अधिशोषणाच्या मूळ इंग्रजी शब्दाकडे. 'अ‍ॅडसॉर्प्शन' हा शब्द जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइन्रिश कायझर यांनी १८८१ मध्ये वापरात आणला. दोन्ही क्रिया एकदमच होतात आणि वेगळ्या काढता येत नाहीत, तेव्हासाठी नुसतं 'सॉर्प्शन' हे रसायनशास्त्रज्ञ मॅकबेन यांनी १९०९ मध्ये सुचवलं. मुळाशी लॅटिन 'सॉर्बेरे' आहे, म्हणजे भुरका मारणे, ओढून पिणे. आपण त्याला 'शोषण' लावलं. संस्कृत 'शुष्'चा अर्थ मात्र वाळणे. घशाला शोष पडतो तो हाच. लॅटिन शब्द पिणाऱ्याकडे बघतो, संस्कृत शब्द जे कोरडं पडलं त्याच्याकडे.

या धातूचा गोतावळा मोठा देखणा आहे. 'शुष्क'मधला पहिला श मुळात स होता, पुढच्या ष च्या ओढीने तो श झाला. पुरावा शेजारच्या घरात आहे: अवेस्ता या प्राचीन इराणी भाषेत तोच शब्द 'हुश्क', कारण तिथे स चा ह होतो. फारसीत 'खुश्क'. तिथून मराठीत आला तो 'खुष्कीचा मार्ग', म्हणजे कोरड्या जमिनीवरची वाट. रशियनमध्ये 'सुखोई' म्हणजे सुका, आणि ओझरला जोडणी होते त्या लढाऊ विमानाला ज्यांचं नाव आहे त्या पावेल सुखोई यांचं आडनावही तेच. सुकट, सुकं खोबरं, खुष्की, सुखोई आणि प्रयोगशाळेतलं अधिशोषण, सगळी एका कुळातली. 'खुष्की'चा संबंध 'खुशी'शी लावणारे अजून भेटतात. त्यांनी एकदा फारसी कोश उघडावा.

माझं मत स्पष्ट आहे: आत जातं त्याला 'मुरणे' आणि वर राहतं त्याला 'बिलगणे' म्हणावं. पाणी कुठे मुरतं हे खानदेशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. परिभाषाकार म्हणतात, बोलीतल्या क्रियापदांत नेमकेपणा नसतो. हे साफ चूक आहे. अव आणि अधि या दोन उपसर्गांत विद्यार्थी गोंधळतात. मुरणे आणि बिलगणे यांत कुणी गोंधळून दाखवावं.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर तापीकाठची काळी माती घ्या. चाळलेली माती वजन करून ५०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळत ठेवायची. लिटरला १० ग्रॅम मेथिलीन ब्लू हा निळा रंग असलेलं द्रावण दर वेळी ५ मिली घालायचं आणि काचेच्या कांडीने एक थेंब फिल्टर पेपरवर टेकवायचा. मध्ये गडद निळा ठिपका पडतो, भोवती नुसत्या पाण्याचं रंगहीन कडं. मातीवर जागा शिल्लक आहे तोवर कडं रंगहीनच राहतं. जागा भरली की सुटा रंग पाण्यात उरतो आणि कड्याला फिकट निळी झाक येते. ती ५ मिनिटं टिकली पाहिजे. घाईत पहिल्याच झाकेवर थांबलात तर मातीने किती रंग धरला याचा आकडा कमी येतो, कारण रंग चिकणमातीच्या पापुद्र्यांत शिरायला वेळ घेतो.

त्याच मातीवर दुसरी मोजणी नायट्रोजनची. नमुना निर्वातात तापवून त्यातला ओलावा काढायचा, मग उणे १९६ अंशांवर थोडा थोडा नायट्रोजन सोडून किती चिकटला ते दाबावरून मोजायचं. एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो असं धरून क्षेत्रफळ काढतात. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांची ही १९३८ ची पद्धत. ओलावा राहिला तर छिद्रं आधीच अडलेली असतात आणि क्षेत्रफळ खोटं कमी येतं. गंमत अशी की माँटमोरिलोनाइटसारख्या फुगणाऱ्या मातीत नायट्रोजन ग्रॅममागे दहांच्या घरात चौरस मीटर दाखवतो आणि मेथिलीन ब्लू शेकडो. दोन्ही बरोबर आहेत. वाळल्यावर पापुद्रे मिटतात, नायट्रोजनला आत वाव नसतो. पाण्यात ते उघडतात आणि रंग आत शिरून तिथल्या पृष्ठांनाही बिलगतो. म्हणून 'आत गेलं म्हणजे अवशोषण' ही शाळेतली, मीही वर दिलेली व्याख्या इथे लंगडी पडते.

धातूच्या पृष्ठावरचे रेणू बघायला मात्र अतिनिर्वात लागतो. टॉर हे दाबाचं एकक, हवेचा दाब ७६० टॉर. टॉरच्या दहा लाखाव्या भागाइतक्या दाबाला आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला, तर साधारण सेकंदाभरात सगळं पृष्ठ झाकलं जातं. म्हणून दाब आणखी दहा हजार पटींनी खाली नेतात, तेव्हा कुठे पावणेतीन तासांच्या आसपास स्वच्छ पृष्ठ मिळतं. त्यासाठी अख्खं पोलादी पात्र शंभर अंशांच्या बरंच वर तासन्‌तास भाजावं लागतं, कारण पात्राच्या भिंतींनाही पाणी बिलगलेलंच असतं. मग पृष्ठावर अवरक्त किरण सोडायचे; रेणू त्यातले कुठले गिळतो त्यावरून त्याचं कंपन कळतं. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचं कंपन २१४३ तरंगांक (सेंटिमीटरमागे लाटांची संख्या) दाखवतं. प्लॅटिनमच्या एका अणूवर उभा रेणू २१०० च्या आसपास, दोन अणूंवर पूल टाकून बसलेला १८५० च्या आसपास. धातूवर आडवा पडलेला रेणू मात्र या किरणांना जवळजवळ दिसत नाही, तेव्हा 'दिसला नाही म्हणजे नाहीच' हा निष्कर्ष घातक.

शेवटची पद्धत तापवून सोडवण्याची. धातूचा स्फटिक सेकंदाला काही अंश या ठरल्या वेगाने तापवायचा आणि सुटलेले रेणू मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्राने, मोजायचे. घट्ट बिलगलेला रेणू जास्त तापमानाला सुटतो. २८ वस्तुमानाला कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन दोन्ही येतात, म्हणून १२ आणि १४ चे तुकडेही बघायचे. स्फटिक धरणाऱ्या तारांवरूनही वायू सुटतो आणि खोटं शिखर दिसतं. त्यावर उपाय म्हणून मोजयंत्राच्या तोंडाला अरुंद नळकांडं लावून ते स्फटिकाच्या अगदी जवळ आणतात.

या सुटण्याला काही पुस्तकं 'विशोषण' म्हणतात. संस्कृतात विशोषण म्हणजे पुरतं वाळवणं. क्रियेचा अर्थ सुटणे आणि शब्द सांगतो वाळणे, हे मला मान्य नाही. 'सुटण्याचं तापमान' लिहा.