आसामहून आणलेली धुरावलेली मासळी धुऊन खाल्ली तर चालेल का?

नुसतं धुऊन फारसा उपयोग नाही. तुमच्या जावेने गुवाहाटीहून बडोद्याला आणलेल्या माशावर जो काळा थर आहे, त्यात बेंझोपायरीनसारखी रसायनं असतात. लाकूड नीट न जळता धुमसलं की ती तयार होतात, आणि ती तेलात विरघळतात, पाण्यात नाही. म्हणून नळाखाली कितीही चोळलंत तरी काजळीचा वरचा थर तेवढा जातो.

साल काढा. बहुतेक घाण तिथेच चिकटलेली असते. मी मासा दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवते, शेपटीकडून नख घालून साल ओढते. ती कागदासारखी सुटून येते आणि बोटं काळी होतात. आतलं मांस मात्र तांबूस पिवळं निघतं. ती साल रश्श्यात टाकू नका, मांजरालाही घालू नका.

बेंझोपायरीनमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालंय. युरोपात धुरावलेल्या मासळीसाठी त्याची मर्यादा 2014 पासून किलोला 2 मायक्रोग्रॅम आहे, आधी ती 5 होती. धोका रोजच्या खाण्याचा जास्त. महिन्यातून एकदा दोन तुकडे खाल्ले म्हणून घाबरू नका, पण लहान मुलांना रोज डब्यात देऊ नका.

आणि हो, घरी शेगडीवर बांगडा भाजत असाल तर त्याची चरबी निखाऱ्यावर ठिबकू देऊ नका. त्या धुरातूनही हेच तयार होतं. खाली तवा ठेवा.