पेपरांचा पूर आला तेव्हा तपासत कोण होतं?

प्रश्न: कोविडच्या वर्षात रोज नवा रिसर्च यायचा, आज एक औषध चालतं म्हणायचे आणि आठवड्याने तेच बाद. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर एकाच गोळीचे दोन उलटे 'रिसर्च' एकाच दिवशी येऊन पडायचे. मेव्हणे अजून म्हणतात की तेव्हा सगळ्यांनी नुसते पेपर छापून घेतले. एवढे पेपर आले कुठून, आणि कोणी तपासत होतं की नाही? (एक वाचक, सातारा)

उत्तर: मेव्हण्यांना अर्धे मार्क द्या, पूर्ण नको.

पेपर बदाबदा आले हे खरंच. पहिल्या पेशंटपासून दहा महिन्यांत कोविडवर 1,25,000 च्या वर लेख बाहेर पडले, त्यातले 30,000 हून जास्त प्रीप्रिंट, म्हणजे कोणी तपासायच्या आधीच लेखकांनी सरळ नेटवर टाकलेले. लॅब बंद, माणसं घरात, फंडिंग तिकडेच वळलेलं, त्यामुळे ज्याला त्याला आपल्या विषयात कोविडचा एक कोपरा सापडला. त्यात मेडआर्काइव्ह हा मेडिकलचा प्रीप्रिंट सर्व्हर नेमका जून 2019 मध्ये सुरू झालेला, म्हणजे दुकान मांडलं आणि गिऱ्हाईकांची झुंबड. जर्नलं, म्हणजे रिसर्च छापणारी मासिकं, तीही घाईला आली. पण रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारे त्या विषयातले जाणकार, होते तेवढेच, फुकटात काम करणारे, आणि त्यातले बरेच डॉक्टर तेव्हा पीपीई किट घालून वॉर्डात.

आता तपासण्याचं. आपण धरून चालतो की प्रीप्रिंट म्हणजे कच्चं आणि मोठ्या जर्नलमधलं म्हणजे पक्कं, तिथेच घोळ होतो. 22 मे 2020 ला लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियाच्या गोळीवर पेपर आला, 671 हॉस्पिटलं, 96,000 पेशंट, म्हणे गोळीने फायदा नाहीच उलट मृत्यू वाढतात. तीन दिवसांत डब्ल्यूएचओने आपल्या ट्रायलमधला त्या गोळीचा भाग थांबवला. मग लोक आकडे बघायला बसले तर 21 एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियात 73 मृत्यू दाखवलेले, आणि तेव्हा अख्ख्या देशाचा आकडा 67! डेटा सर्जिस्फीअर नावाच्या कंपनीचा, मूळ डेटा तपासायला द्या म्हटल्यावर त्यांनी दिला नाही, 4 जूनला पेपर मागे. पीअर रिव्ह्यू, म्हणजे रिव्ह्यूअरकडून तपासणी, झाला होता बरं का. पण रिव्ह्यूअर समोर आलेला पेपर वाचतो, हॉस्पिटलात जाऊन केसपेपर मोजत नाही. (गोळी बिनकामाचीच निघाली, पण ते कळलं नंतरच्या नीट केलेल्या ट्रायलमधून.)

आता उलट बाजू बघा. आपल्या आयसीएमआरने 39 हॉस्पिटलांत 464 पेशंटवर प्लाझ्माची, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाची, ट्रायल केली, कोणाला प्लाझ्मा द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून. सप्टेंबर 2020 मध्ये प्रीप्रिंट आला, मृत्यू काही कमी होत नाहीत, ऑक्टोबरमध्ये तेच बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. तरी एप्रिल 2021 मध्ये आपले फोन 'अर्जंट, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवाय' या मेसेजनी भरलेले, आणि सरकारी गाइडलाइनमधून प्लाझ्मा निघाला मे 2021 मध्ये. इथे पेपर चांगला होता, आपल्याकडेच झालेला होता, ऐकलं कोणी नाही. याचा मला लॅन्सेटपेक्षा जास्त राग येतो.

आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या गोळीची गोष्ट तर सांगायलाच हवी. इजिप्तमधला एक प्रीप्रिंट नोव्हेंबर 2020 चा, गोळीने मृत्यू जवळपास 90 टक्के कमी म्हणे. लंडनमधल्या एका विद्यार्थ्याला तो कोर्सचा अभ्यास म्हणून मिळाला, वाचताना भाषा विचित्र वाटली, शोधलं तर उचललेल्या मजकुरात समानार्थी शब्द घुसवलेले. डेटाची फाइल लॉक होती, पासवर्ड निघाला 1234. आत काय, तर काही पेशंट अभ्यास सुरू व्हायच्या आधीच वारलेले. जुलै 2021 मध्ये प्रीप्रिंट काढून टाकला. त्याच्या दोन महिने आधी गोव्यात 18 वर्षांवरच्या सगळ्यांना पाच दिवस ही गोळी द्यायचं जाहीर झालं होतं, आणि डब्ल्यूएचओ मार्चअखेर सांगून बसलेली की ती फक्त ट्रायलमध्येच वापरा.

म्हणून मेव्हण्यांना विचारायचं की कुठला पेपर, किती पेशंट, गट कसे पाडले, डेटा कोणाला बघायला मिळाला.

प्रश्न: मागे घेतलेला पेपर नेटवर अजून उघडतो, तो काढून का टाकत नाहीत? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: मुद्दाम ठेवतात, नाहीतर काय चुकलं होतं ते कोणाला कळणार नाही. लॅन्सेटचा तो पेपरही तसाच आहे, 'मागे घेतला' असा ठसा मारलेला. पंचाईत अशी की जुनी पीडीएफ डाउनलोड करून ठेवलेली असली तर तिच्यावर ठसा नसतो, आणि तीच फॉरवर्ड होत राहते. शंका आली की पेपरचं नाव मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये टाकून बघा, फुकट आहे.