बेरीज सातच राहू दे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

ताओवादी शहाणपणावर आजच्या काळातलं विनोदी सदर लिहायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून आनंद झाला. जरूर लिही. सामान्य माणूस ताओबद्दल, म्हणजे जगाच्या सहज मार्गाबद्दल, ऐकतो तेव्हा खो-खो हसतो आणि तो हसला नाही तर तो ताओच नव्हे, असं लाओत्झूच्या नावावरच्या ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या ४१व्या प्रकरणातच म्हटलंय.

तरी सुरुवात च्वांगत्झू या दुसऱ्या ताओवादी विचारवंताच्या, त्याच नावाच्या ग्रंथापासून कर. ‘ताओ ते चिंग’च्या ८१ छोट्या प्रकरणांत ना गोष्ट ना पात्रं, नवख्याच्या हातून त्याचं सुविचारांचं कॅलेंडर होतं. च्वांगत्झूकडे माकडं, खाटीक, कवट्या, सगळे आहेत, आणि विनोद त्याने आधीच करून ठेवलाय. तो शोधायचा, वरून चिकटवायचा नाही.

दुसऱ्या प्रकरणातली माकडं घे. त्यांना पाळणारा म्हणतो, सकाळी तीन मापं फळं, संध्याकाळी चार. माकडं खवळतात. बरं, मग सकाळी चार, संध्याकाळी तीन. माकडं खूश! आता हे कंपनीत आण. पगार महिना ३०,०००, दिवाळीला बोनस ६०,०००. लोक कुरकुरतात. एचआर बोनस बंद करून पगार ३५,००० करतं, ऑफिसात पेढे वाटले जातात. वर्षाचे दोन्हीकडे ४,२०,०००च. सामान बदललं, बेरीज नाही. बहुतेक जण नेमके इथे घसरतात. गंमत वाढवायला एचआर मधले चार पैसे खातं असं लिहितात, आणि मग ती फसवणुकीची गोष्ट होते. च्वांगत्झूच्या लेखी तो माणूस लबाड नाही. वाद न घालता दोन्ही बाजूंना चालू देणारा आहे. त्याला खलनायक केलंस की गोष्ट मेली.

दुसरा खड्डा वू-वेईचा, म्हणजे जोर न लावता सहज काम करण्याचा. त्यावरचे निम्मे विनोद सोफ्यावर लोळणाऱ्या माणसाचे असतात आणि ते साफ चूक आहेत. च्वांगत्झूच्याच तिसऱ्या प्रकरणातला तिंग नावाचा खाटीक वाच. साधा खाटीक दर महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला. तिंगची सुरी १९ वर्षं आणि हजारो बैलांनंतरही नुकतीच धार लावल्यासारखी. कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातल्या फटीतून सुरी फिरवतो. अवघड गाठ आली की थबकतो, नजर तिथेच रोखतो, हात जेमतेम हलवतो. आज तो जुनं सॉफ्टवेअर सांभाळणारा अनुभवी माणूस होईल: अर्धा दिवस नुसता वाचत बसणारा, मग एकच ओळ बदलणारा. हसू शेजारच्या पोराचं यायला हवं, जो दर महिन्याला सगळं पाडून नव्याने लिहितो.

हात बसला की मग लाओत्झूचं ६०वं प्रकरण घे: मोठं राज्य चालवणं म्हणजे लहान मासे शिजवणं. तव्यावर ओले बोंबील सारखे उलथले की काय होतं, हे आपल्या वाचकाला सांगावं लागत नाही. दर अर्ध्या तासाने ‘कुठवर आलं?’ विचारणारा साहेब आणला की झालं.

मजकूर दीडशे-दोनशे शब्दांचा ठेव. लिहून झाल्यावर शेवटचं वाक्य झाकून वाच. गोष्ट कळत असेल तर ते वाक्य काढून टाक. बहुधा त्यात तू तात्पर्य सांगितलेलं असतं.

आणि मूळ स्रोत तपास. रोपं लवकर वाढावीत म्हणून ती वर ओढणारा शेतकरी मेन्सियसचा, म्हणजे कन्फ्यूशियसच्या परंपरेतला. तो तुझ्या सदरात नको. हरवलेल्या घोड्याची गोष्ट चालेल, पण ती लाओत्झूची नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या ‘ह्वायनान्त्झू’ या ग्रंथातली आहे, तेव्हा खाली तेच नाव दे.